गंज जावा, धातू राहावा

जुन्या गाडीचे लहान लोखंडी भाग साफ करण्याविषयी जे सल्ले सहज कानावर पडतात, त्यांत बहुतेक वेळा एकच प्रश्न गृहीत धरलेला असतो: गंज आणि जुना रंग लवकरात लवकर कसा निघेल? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. दाराच्या पत्र्यावर थोडे जास्त घासले गेले, तर ती उणीव पुट्टीने भरून काढता येते. बिजागरीच्या पिनेचे भोक, कुलपाच्या आकड्याची धार, स्प्रिंगची जाडी किंवा बोल्टचे आटे यांना पुट्टीचा आधार नसतो. हे भाग मापाने घडवलेले असतात आणि त्यांचे काम त्या मापावरच चालते. म्हणून कोणतीही पद्धत निवडताना ती गंजावर किती प्रभावी आहे हे पाहण्याआधी ती चांगल्या लोखंडाला किती हात लावते, हे मी पाहतो. या कसोटीवर बरेच झटपट उपाय मागे पडतात आणि काही संथ उपाय पुढे येतात.

लोखंड गंजायला हवेतला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली, की उघड्या लोखंडावर गंजण्याची क्रिया वेग घेते, आणि त्या ओलाव्यात मिठाचा अंश असेल तर ती आणखी झपाट्याने चालते. ॲल्युमिनियमवर धरणारा ऑक्साइडचा थर पातळ आणि घट्ट असतो आणि तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो, आणि त्याच्या आडोशाने गंजणे आत सरकत राहते. शिवाय जेवढे लोखंड खर्ची पडते, त्याच्या सुमारे दोन ते सहा पट जागा त्यातून तयार झालेला गंज व्यापतो. जुन्या बिजागरीची पिन का हलत नाही, याचे उत्तर इथे आहे. पिनेच्या आणि भोकाच्या मधली बारीक फट या फुगलेल्या गंजाने ठासून भरलेली असते. तिथे हातोडा चालवला तर कान वाकतात, पिन जागची हलत नाही. गंज आधी विरघळवला, भेदक तेलाला मुरायला वेळ दिला, तर तीच पिन पुष्कळदा हाताच्या जोराने फिरू लागते.

गंजाचे थरही सारखे नसतात. वरचा भुसभुशीत, तांबूस थर बोटाला लागतो. त्याखाली, धातूला लागून, पुष्कळदा काळा आणि दाट थर असतो. तो मुख्यतः मॅग्नेटाइट असतो, म्हणजे लोखंडाचे असे ऑक्साइड जे चुंबकाला ओढले जाते. तांबड्या थराचा प्रत्येक कण गेला पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही. पातळ आणि घट्ट काळ्या थराच्या मागे मात्र कानस घेऊन लागू नये, असे माझे मत आहे, कारण तो काढण्याच्या भरात त्याच्या शेजारचे निरोगी लोखंडच जास्त जाते.

उदाहरणादाखल बॉनेटचे लॅच हातात घ्यावे. तळहातावर मावणारी ही वस्तू आहे, पण तिच्यात या कामाचे जवळजवळ सगळे प्रश्न एकवटलेले असतात. मागची पट्टी दाबून आकार दिलेल्या पत्र्याची असते आणि तिच्यावर रंगाचे दोन-तीन थर असतात. बॉनेट धरून ठेवणारा आकडा अधिक जाड आणि अधिक कठीण पोलादाचा असतो, आणि जिथे तो रोज घासला जातो तिथे रंग उडून धातू गुळगुळीत झालेला दिसतो. त्याला मागे ओढणारी स्प्रिंग वेगळ्याच पोलादाची असते. रिव्हेटवर कधी जस्ताचा मुलामा असतो. केबल जिथे अडकते तिथे ग्रीस आणि धूळ यांचा काळा लगदा बसलेला असतो. आता हे सगळे एकत्र एखाद्या तीव्र आम्लात बुडवले तर काय होईल? पट्टी उजळेल, जस्त विरघळून जाईल, आकड्याच्या घासलेल्या, उघड्या धारेवरून थोडे पोलाद जाईल, आणि स्प्रिंगच्या पोटात असे नुकसान होईल जे बाहेरून दिसणारही नाही. म्हणून पाण्याला किंवा पॉलिश पेपरला हात घालण्यापूर्वी तो भाग नीट पाहण्यात मी बराच वेळ घालवतो आणि तो वेळ कधी वाया गेला असे मला वाटत नाही.

या पाहण्याचे काही ठरावीक मार्ग आहेत. चुंबक लावून बघावे: पितळ, ॲल्युमिनियम आणि दारांच्या जुन्या मुठींसाठी वापरला जाणारा जस्ताचा मिश्रधातू त्याला चिकटत नाहीत, आणि हे तिन्ही धातू लोखंडाचे उपचार सोसत नाहीत. बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाचावेत. ८.८ असा ठसा असेल तर पहिला आकडा त्या बोल्टची ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल असल्याचे सांगतो, आणि दुसरा सांगतो की त्या शक्तीच्या ८० टक्क्यांपर्यंत ताण आला तरी तो कायमचा लांबत नाही. १०.९ आणि १२.९ हे ठसे त्याहून कठीण बोल्टचे. त्यांना वेगळी वागणूक द्यावी लागते, ती पुढे सांगतो. मुलामा कशाचा आहे तेही पाहावे. जस्त निळसर किंवा पिवळसर चमकते. काही जुन्या बोल्टांवर आणि क्लिपांवर कॅडमियमचा मुलामा असतो. तो विषारी आहे, त्याची धूळ नाकात जाऊ नये आणि तो तापवूही नये. असा संशय आला तर मी तो भाग केवळ ग्रीस पुसून बाजूला ठेवतो. शेवटी, भाग सुटा करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. स्प्रिंगचे कोणते टोक कोणत्या खाचेत होते, हे साफसफाई संपेपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही.

रंगाची ओळख पटवणेही तितकेच गरजेचे आहे, कारण रंग कोणत्या काळातला आहे यावर तो कशाने निघेल हे ठरते. गाड्यांच्या आरंभीच्या काळात तेलाच्या रंगाची आणि वार्निशाची अनेक आवरणे हाताने चढवली जात आणि ती वाळायला आठवडे लागत. फोर्डच्या मॉडेल टीने १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळा रंग वापरला. डांबरी घटक असलेली ती काळी एनॅमल भट्टीत भाजून पक्की केली जात, आणि पुष्कळ लहान भाग तर रंगात सरळ बुडवूनच काढले जात. १९२३ मध्ये ड्यूपाँ या रसायन कंपनीने ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर आणले आणि जनरल मोटर्सने ते आपल्या ओकलंड गाड्यांवर वापरले. आठवड्यांचे काम तासांवर आले. हे लॅकर केवळ द्रावक उडून गेल्याने वाळते, त्यामुळे कितीही वर्षांनी थिनरचा बोळा फिरवला तरी ते पुन्हा विरघळते. भट्टीत भाजलेल्या एनॅमलमध्ये मात्र वाळताना रासायनिक जोड तयार होतात. थिनरने त्याची चमक थोडी मंदावते, एवढेच. म्हणून न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थिनरचा बोळा क्षणभर दाबून धरावा. कापसावर रंग उतरला तर काम हलके आहे. नुसता मळ उतरला, तर पुढे जास्त चिवट रंगाशी गाठ आहे हे समजावे.

१९७० च्या दशकापासून गाड्यांच्या कारखान्यांत विजेच्या साहाय्याने प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, चढवण्याची आजची पद्धत रुळली. भाग पाण्यात मिसळलेल्या रंगात बुडवतात, त्याला ऋण टोक जोडतात, आणि प्रवाहाबरोबर रंगाचे कण प्रत्येक खाचेत, प्रत्येक वळणात जाऊन बसतात. अशा भागांवरचा काळा किंवा राखाडी पातळ थर विलक्षण चिवट असतो. तो शाबूत असेल, खाली कुठेही फुगवटा नसेल, तर तो मी काढत नाही. बारीक पेपरने नुसता खरखरीत करून त्यावरच पुढचा थर देतो, कारण घरातल्या कोणत्याही ब्रशने किंवा फवाऱ्याने त्याच्या बरोबरीचा थर चढणार नाही. जुने ते सगळे उतरवलेच पाहिजे, हा हट्ट मला पटत नाही.

रंग काढण्यापूर्वी ग्रीस जायला हवे. तेलकट पृष्ठभागावर ना आम्ल नीट चालत, ना सोडा, ना पेपर. पेपरने तर ते तेल धातूच्या ओरखड्यांत आणखी खोल चोळले जाते. गरम पाणी, भांडी घासायचा द्रवरूप साबण आणि जुना टूथब्रश यांनी बरेच काम होते. ब्रेकच्या जुन्या भागांची गोष्ट वेगळी. त्यांच्या धुळीत ॲसबेस्टॉस असू शकते, म्हणून ती धूळ कोरड्या ब्रशने झाडू नये, हवेच्या झोताने उडवू नये. ओली करूनच पुसून घ्यावी. क्लोरीनयुक्त ब्रेक-क्लीनर वापरला असेल तर तो पूर्ण उडून जाईपर्यंत त्या भागाजवळ ज्योत किंवा वेल्डिंग आणू नये, कारण तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू निघू शकतो. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यताही धरून चालावे. विशेषतः तळाशी शेंदरी रंगाचा प्रायमर दिसला, तर कोरडे घासणे लगेच थांबवावे, काम ओल्याने करावे आणि बारीक कण अडवणारा मास्क चढवावा.

लोखंडी भागांवरच्या तेली आणि अल्किड रंगांवर कॉस्टिक सोड्याचे गरम द्रावण फार प्रभावी ठरते. त्यातले तेल साबणात बदलते आणि रंग सुरकुतून सुटतो. ते करताना सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर ओतू नये. द्रावण आपोआप इतके तापते की उसळून अंगावर येऊ शकते. चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी मोजे यांशिवाय हे काम करू नये. लोखंडाला कॉस्टिक काही करत नाही, आणि माझ्या कसोटीवर हा उपाय म्हणूनच उतरतो. ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्रधातू मात्र त्यात हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळू लागतात. चुंबकाची चाचणी आधी का करायची, ते इथे कळते. पुष्कळ वेळा याहून सौम्य मार्गही पुरतो: जुन्या, कामासाठीच राखून ठेवलेल्या भांड्यात साबणाच्या पाण्यात भाग मंद आचेवर बराच वेळ गरम ठेवला, तर धातू आणि रंग वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यांची पकड ढिली होते, आणि रंग लाकडी पट्टीने लांबच लांब पापुद्र्यात निघून येतो. मिथिलिन क्लोराइडचे जुने स्ट्रिपर, म्हणजे रंग उतरवणारी द्रावणे, मिनिटांत रंग फुगवत, पण त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत ते वापरताना माणसे दगावली आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१९ मध्ये रंग काढण्यासाठी त्याच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली. वेळ वाचवण्यासाठी एवढी किंमत मोजण्याजोगा कोणताही नट-बोल्ट माझ्या मते नाही.

आता गंज. आम्लांमध्ये सर्वांत घाईचे म्हणजे हायड्रोक्लोरिक. ते गंज खाते, त्याच दमात लोखंडही खाते, आणि त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारे तांबूस होतात. मी ते वापरत नाही. सायट्रिक ॲसिडचे ५ ते १० टक्क्यांचे द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम, हे लहान भागांसाठी मला सर्वांत विश्वासाचे वाटते. ते आम्ल तर आहेच, शिवाय गंजातल्या लोहाच्या आयनांना धरून द्रावणात ओढून घेते. कोमट ठेवले तर काम काही तासांत होते. थंड पाण्यात रात्रभर ठेवावे लागते. मात्र भाग त्यात टाकून विसरून जाण्यासारखे ते नाही. गंज संपला की ते उघड्या लोखंडाकडे वळते आणि पृष्ठभाग करडा, मंद होऊ लागतो. अधूनमधून भाग बाहेर काढावा, ब्रशने घासावा, पाहावे, आणि गरज असेल तेवढाच वेळ पुन्हा ठेवावा. व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसेटिक आम्ल असते. तेही चालते, पण हळू आणि उग्र वासासह. पाण्यात कालवलेली मळी हा त्याहून संथ उपाय आहे, त्याला आठवडे लागतात, पण ती चांगल्या लोखंडाला फारशी शिवत नाही. बाजारात मिळणारी उदासीन, आम्लरहित द्रावणेही लोहाचे आयन धरूनच काम करतात. ती महाग पडतात, पण स्प्रिंगसाठी आणि कठीण बोल्टसाठी पहिली निवड तीच असावी.

स्प्रिंगविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आम्लात लोखंडाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला काही अणुरूपाने धातूच्या आत शिरतो. मऊ पोलादाला त्याचे विशेष काही वाटत नाही. स्प्रिंगच्या कठीण पोलादात आणि १०.९, विशेषतः १२.९ ठशाच्या बोल्टांमध्ये तो ठिसूळपणा आणतो. असा भाग दिसायला लखलखीत असतो आणि ताण दिल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणतीही पूर्वसूचना न देता तुटतो. मुलामा देणारे कारखाने असे भाग लगेच १९० ते २२० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढतात. घरच्या कामात त्या उपायावर विसंबण्यापेक्षा असे भाग आम्लात न घालणे हेच शहाणपणाचे. लॅचची स्प्रिंग मी आधीच सोडवून घेतो आणि ती बारीक तारेच्या ब्रशने किंवा उदासीन द्रावणाने साफ करतो.

पट्टीसाठी आणि तिच्यासारख्या मऊ पोलादाच्या भागांसाठी मला सर्वांत आवडणारी पद्धत विजेची आहे. प्लॅस्टिकचे घमेले, चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर आणि लोखंडाचा एखादा टाकाऊ तुकडा एवढे पुरते. चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक टाकाऊ तुकड्याला जोडायचे; दोन्ही एकमेकांना शिवता कामा नयेत. जोडणी उलट झाली तर भागच झिजू लागतो, म्हणून चालू करण्यापूर्वी हे दोनदा तपासावे. काही आधुनिक चार्जर समोर बॅटरी जाणवल्याशिवाय प्रवाह सोडतच नाहीत, त्यामुळे जुना, साधा चार्जर या कामी बरा. या पद्धतीचे मोठे गुण दोन. ऋण टोकाला असल्यामुळे भागातले चांगले लोखंड विरघळत नाही, आणि तासभर जास्त झाला तरी माप कमी होत नाही. कारखान्यात त्या भागावर प्रायमर चढला असेल तर तोही त्याला ऋण टोक जोडूनच चढलेला असतो, ही जुळणी मला फार विचार करायला लावते: तिथे रंग पृष्ठभागाकडे येत होता, इथे पृष्ठभागावर उमटणारे हायड्रोजनचे बुडबुडे आणि तिथेच वाढणारी अल्कलता यांमुळे गंज आणि सैल रंग दूर लोटला जातो.

सुरू केल्यावर भागावरून बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर येऊ लागतात आणि थोड्या वेळाने पाण्यावर तपकिरी फेस जमतो. हे बुडबुडे हायड्रोजनचे असतात. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते, म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि चिमटे काढण्या-लावण्यापूर्वी चार्जर बंद करावा. मीठ घालू नये, त्याने क्लोरीन निघतो. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडाही लावू नये. तो झिजत नाही म्हणून कोणी सुचवले, तरी त्यातल्या क्रोमियमपासून पाण्यात विषारी संयुगे उतरू शकतात. टाकाऊ तुकड्याकडे तोंड असलेली बाजूच आधी साफ होते. म्हणून भाग अधूनमधून फिरवावा, किंवा चारही बाजूंना तुकडे उभे करून ते एकमेकांना तारेने जोडावेत. कठीण बोल्ट आणि स्प्रिंग यांना हायड्रोजनाचा धोका इथेही आहे, त्यामुळे ते या घमेल्यात येत नाहीत.

काही तासांनी पट्टी बाहेर काढली की ती काळी दिसते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला काम बिघडले असे वाटण्याचा संभव असतो. तांबडा गंज काळ्या ऑक्साइडमध्ये बदलून भुकटी झालेला असतो. नळाखाली धरून नायलॉनच्या ब्रशने घासले, की ती काळी भुकटी ओघळत जाते आणि खालून करडे, कोरे पोलाद उघडे पडते. याच वेळी मला पट्टीच्या मागच्या बाजूला साच्याचा बारीक क्रमांक सापडतो, जो इतकी वर्षे रंगाखाली बुजलेला होता. त्याच्या कडा अजून तीक्ष्ण असतात. वाकवलेल्या कोपऱ्यापाशी पत्रा ओढला गेल्याच्या बारीक समांतर रेघा दिसतात, भोकाच्या काठाला कापताना राहिलेली बर, म्हणजे धातूची बारीक धारदार किनार, हाताला लागते. ग्राइंडरला लावलेल्या तारेच्या चाकाखाली हा क्रमांक पुसट झाला असता आणि रेघा तर नाहीशाच झाल्या असत्या. एखादा भाग कोणत्या कारखान्यातून, कोणत्या साच्यातून आला, हे सांगणारी खूण पुष्कळदा त्या भागावरच असते आणि ती राखणे मला साफसफाईइतकेच महत्त्वाचे वाटते.

यंत्राने घासण्याला माझा सरसकट विरोध नाही. ओतीव लोखंडाच्या जाड ब्रॅकेटवर तारेचे चाक चालते, फक्त त्यातून सुटलेली तार गोळीसारखी येते, म्हणून चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याची ढाल लावावी, आणि सैल बाही किंवा कापडी मोजे फिरत्या चाकाजवळ नेऊ नयेत. ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे हवेच्या झोताने कण मारून साफ करण्यात, काचेचे मणी पृष्ठभाग फार न खरवडता साफ करतात, तर ॲल्युमिनियम ऑक्साइड रंगाला पकड देणारा खरखरीतपणा आणते. साधी वाळू कधीही वापरू नये. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत बसून सिलिकोसिस होतो, आणि ब्रिटनने तर ओतीव वस्तू साफ करण्यासाठी वाळूच्या वापरावर १९४९ च्या नियमांनीच बंदी आणली. पातळ पत्रा झोताखाली तणतो, वाकतो. जिथे बेअरिंग किंवा बुश आहे तिथे एक कण आत राहिला तरी तो पुढे सारखा घासत राहतो, म्हणून असे भाग ब्लास्टिंगला देऊ नयेत.

साफ झालेले पोलाद जितके सुंदर दिसते तितकेच ते असुरक्षित असते. धुऊन नुसते ठेवले तर काही मिनिटांत त्यावर पिवळट झाक येते. आम्लातून काढलेला भाग आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा, मग कढत पाण्यात, म्हणजे तो स्वतःच्या उष्णतेने लवकर सुकतो. खाचांतले पाणी हॉट एअर गनने उडवावे. त्यानंतर वाट पाहू नये. फॉस्फोरिक आम्लाचा पातळ हात दिला तर पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा थर बसतो आणि रंगाला पकड मिळते. ही कल्पना जुनी आहे, थॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी इंग्लंडमध्ये १९०६ साली तिचे पेटंट घेतले. खड्ड्यांच्या तळाशी राहिलेल्या गंजासाठी टॅनिक आम्लाचे कन्व्हर्टर चालते. ते त्या गंजाला निळसर काळ्या, स्थिर संयुगात बदलते. पण भुसभुशीत गंजावर ते फासणे म्हणजे वरवरची मलमपट्टी आहे. मग इपॉक्सी प्रायमर, पातळ थरांत. आटे, पिनेचे भोक आणि आकड्याची घासणारी बाजू चिकटपट्टीने झाकावी, कारण तिथे रंगाची जाडीही मापात भर घालते. त्या जागांना नंतर तेल किंवा ग्रीस द्यावे. लहान बोल्टना रंगापेक्षा जस्ताचा मुलामा बरा. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. एका धातूने दुसऱ्याला असे वाचवता येते, हे हंफ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांवर जस्त आणि लोखंड लावून १८२४ मध्ये दाखवून दिले होते.

एवढे सगळे केल्यावर कधीकधी कळते, की भाग वापरण्याजोगा उरलेला नाही. गंजाने तो पोखरलेला असतो, पण गंज आणि रंग यांनी भरल्यामुळे तो भक्कम दिसत असतो. वायरिंगची पट्टी किंवा दिव्याचा ब्रॅकेट यांवर खड्डे राहिले तर बिघडत नाही. वाटल्यास प्रायमरने ते भरून घ्यावेत. लॅचच्या आकड्याच्या मानेवर, जिथे सगळा ताण येतो, तिथे खड्डे असतील तर गोष्ट वेगळी. वेगात असताना बॉनेट उघडून काचेवर आदळू नये म्हणून तोच आकडा तिथे आहे. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांना हाच नियम अधिक कडकपणे लावावा: आरशासारखे चकाकवता आले, तरी गेलेली जाडी परत येत नाही. असा भाग गाडीवर चढवू नये, पण फेकूनही देऊ नये. हुबेहूब नवा मिळाला नाही आणि तो घडवून घ्यावा लागला, तर भोकांमधली अंतरे, वाकांचे कोन आणि पत्र्याची मूळ जाडी या साफ केलेल्या जुन्या भागावरूनच मोजता येतात. जाडी मोजताना मात्र, जिथे गंज पोचला नव्हता अशी रिव्हेटच्या डोक्याखालची जागा शोधावी.